शुआनवू दरवाज्याचा हिशेब

मराठी वाचक ह्युएनत्संगाला ओळखतो तो महाराष्ट्राच्या मानी लोकांचे आणि दुसऱ्या पुलकेशीच्या युद्धहत्तींचे वर्णन करणारा प्रवासी म्हणून. ६४५ साली तो तांगांच्या राजधानीत, चांगआनला परतला, तेव्हा त्याच्याकडून तो सारा वृत्तान्त लिहवून घेतला सम्राट ताइझोंगने. एवढे नाते मनात ठेवून आजच्या शिआनला, म्हणजे त्याच चांगआनला, जाणाऱ्याने मातीचे सैनिक झटपट उरकावेत आणि राखलेला वेळ एका प्रश्नाला द्यावा. दूरदेशींच्या नोंदी इतक्या आस्थेने मागणारा हा सम्राट स्वतः गादीवर कसा आला, आणि ती नोंद कोणी लिहिली?

शोध पहिल्याच पायरीवर फसण्याची भीती आहे. दामिंग राजवाड्याच्या प्रशस्त उद्यानात शुआनवू नावाचा दरवाजा आहे आणि भावाभावांचा रक्तपात इथेच झाला, असे सहज वाटून जाते. पण दामिंगचे बांधकाम ६३४ मध्ये सुरू झाले आणि हत्या ६२६ च्या २ जुलैच्या. खरा दरवाजा ताइजी राजवाड्याच्या उत्तरेचा. तो आजच्या वस्तीखाली गेला आहे. तिथे ली शिमिनने, म्हणजे पुढच्या ताइझोंगने, थोरल्या भावावर, युवराज ली जिआनचंगवर, स्वतः बाण सोडला. धाकटा युआनजीही मारला गेला. मग दोघांचे मिळून दहा मुलगे मारले गेले. तीन दिवसांत शिमिन युवराज झाला आणि दोन महिन्यांनी बाप गाओझूने गादी सोडली.

दरबारी इतिहास म्हणतो, भावांनी विषप्रयोग केला, पुढे घातही ठरवला होता, म्हणून शिमिनला नाइलाजाने शस्त्र उचलावे लागले. मला हे पटत नाही, आणि कारण दुनहुआंगच्या लेण्यांतून निघून आता पॅरिसमध्ये असलेल्या एका हस्तलिखितात आहे. ती छांग ह या पहाऱ्यावरच्या सरदाराच्या समाधिलेखाची नक्कल. शिमिनने त्याला ६२४ मध्येच राजधानीत बोलावून घेतले, सोन्याची सुरी आणि तीस लगडी दिल्या, उत्तर दरवाज्यावर नेमले आणि तिथल्या शूर शिपायांत वाटायला आणखी सोन्याच्या सुऱ्या त्याच्या हवाली केल्या. दरवाजा दोन वर्षे आधीच विकत घेतलेला होता. कोणी म्हणेल, समाधिलेख म्हणजे घरच्यांनी केलेली स्तुती. खरे आहे, पण ६५३ मध्ये वारलेल्या माणसाच्या माणसांना तारीख मागे ढकलून काय मिळणार होते? उलट, लाच घेतल्याचे अभिमानाने मिरवले आहे, म्हणूनच ही साक्ष वजनदार ठरते. दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे: जिआनचंगही काही साधा नव्हता, त्याचा सल्लागार वेई झंग शिमिनचा काटा लवकर काढा म्हणून त्याला सांगत होता. मान्य. दोन्ही बाजू तयारीत होत्या. पण मग स्वसंरक्षण हा शब्द एकट्या विजेत्याला कसा शोभतो?

छोट्या वन्यहंस पॅगोड्याशेजारच्या शिआन संग्रहालयात जिआनचंगचा मृत्युलेख आहे. चोरीला गेलेली ही शिळा पोलिसांनी परत मिळवली. युवराज होऊन गेलेल्या माणसासाठी मजकूर जेमतेम पंचावन्न अक्षरांचा: मृत्यूचा दिवस आणि ६२८ मधले दफन. कोणी मारले, का मारले, काही नाही. मरणोत्तर पदवीचे अक्षर मात्र खोडून पुन्हा कोरल्याचे अभ्यासक दाखवतात, आणि अधिकाऱ्यांनी सुचवलेल्या दोन पदव्या सम्राटाने नाकारून तिसरी ठरवली, अशी नोंदही आहे. मेलेल्या भावाला काय म्हणायचे, इथपर्यंत ताइझोंगचा हात पोहोचला होता.

त्याच्या बाजूने एक मुद्दा नेहमी पुढे येतो. ६४३ मध्ये मंत्री फांग शुआनलिंगने राजवटीच्या नोंदी त्याच्यापुढे ठेवल्या, तेव्हा त्या दिवसाची हकीकत आडपडद्याने लिहिलेली पाहून, ती सरळ लिहा, असा हुकूम त्याने दिला. हे धैर्यच, असे अनेक इतिहासकार मानतात. पण त्याच दमात त्याने राज्य वाचवण्यासाठी भावाला शिक्षा करणाऱ्या झोऊच्या ड्यूकचा दाखला दिला. काय घडले ते लिहायची मुभा दिली, का घडले ते स्वतः सांगून टाकले. त्याच वर्षी, नोंदी हाती येण्याच्या काही महिने आधी, त्याचा स्वतःचा युवराज चंगच्यान बंडाचा कट रचल्याबद्दल पदच्युत झाला होता, आणि त्याच्या जागेवर डोळा ठेवणारा धाकटा ताइही राजधानीबाहेर धाडला गेला होता. शुआनवूची हकीकत बापाने वाचली ती या घरात.