माणदेशातील जनावरांचे बाजार आणि तळभाव

जनावरांच्या बाजारात ठरणाऱ्या भावाला दोन थर असतात. वरचा थर जनावराच्या गुणांचा, म्हणजे वय, दूध, बांधा, चाल, रंग आणि शिंगे यांचा असतो. खालचा थर हा त्या जनावराचा दुसरा कोणताही उपयोग उरला नाही तरी केवळ मांसापोटी त्याचे जे पैसे येतील त्यांचा असतो, आणि या लेखात त्याला तळभाव म्हटले आहे. सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमांवर पसरलेला अवर्षणग्रस्त टापू माणदेश म्हणून ओळखला जातो. तेथील बाजारांत प्रस्तुत लेखकाचे जाणे-येणे प्रथम घरच्या जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी आणि पुढे निव्वळ कुतूहलापोटी होत राहिले. मेंढीचा भाव बहुधा अंदाजात बसतो आणि बैलाचा बसत नाही, याचे कारण जनावरांच्या स्वभावात नसून या तळभावात आहे, असे त्याला या वावरातून दिसत गेले.

या टापूत आटपाडीचा बाजार शनिवारी भरतो आणि तो मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांसाठी नावाजलेला आहे. सांगोल्याचा बाजार रविवारी भरतो आणि खिलार बैलांसाठी त्याचे नाव दूरवर पोचलेले आहे. दोन्ही ठिकाणची व्यवस्था १९६३च्या कायद्याखालील कृषी उत्पन्न बाजार समित्यांकडे असते. समिती जागा, पाणी आणि सावली पुरवते, सेस म्हणजे बाजारशुल्क घेते आणि व्यवहाराची पावती फाडते. परंतु त्याच कायद्याच्या छत्राखाली लासलगावी कांद्याचा उघडा लिलाव पुकारला जात असताना जनावरांचा सौदा मात्र झाकलेल्या हातांनी होतो. दलाल विकणाऱ्याचा हात आपल्या हातात घेतो, त्यावर टॉवेल किंवा उपरण्याचे टोक टाकतो आणि बोटे दाबून आकडा कळवतो: एक बोट धरले तर एक, चार धरली तर चार, पूर्ण पंजा धरला तर पाच. त्यापुढच्या खुणा ठिकठिकाणी थोड्या बदलतात, आणि धरलेले बोट शेकड्याचे, हजाराचे की दहा हजारांचे हे दोघांनी आधीच समजून घेतलेले असते. भोवती कोंडाळे करून उभ्या असलेल्या माणसांना दिसतात ते केवळ चेहरे, आणि तेही सराईतांचे असल्यामुळे त्यांवरून काही वाचता येत नाही. या पद्धतीमुळे एकाच सकाळी, एकाच दावणीला, सारख्या दिसणाऱ्या दोन जनावरांचे भाव वेगळे निघू शकतात आणि दोन्ही विकणाऱ्यांना ते कळत नाही. दलालाला मात्र दोन्ही ठाऊक असतात, आणि त्याचे खरे भांडवल हेच असते.

मेंढ्यांच्या बाजूला या गुप्ततेचा उपयोग तुलनेने कमी होतो, कारण तेथील हिशोब दोन्ही पक्षांना येत असतो. व्यापारी मेंढ्याच्या कमरेवर आणि शेपटीच्या बुडाशी अंगठा दाबून मणक्यावर मांस किती आहे हे पाहतो, पोटाखाली हात घालून त्याला जरा उचलतो आणि त्याचे किती किलो मटण पडेल याचा अंदाज बांधतो. समजा, मेंढा जिवंत ३० किलोचा आहे. त्याचे मांस निम्म्याहून थोडे कमी, म्हणजे १३ ते १४ किलो भरेल. तालुक्याच्या गावी मटण ७०० रुपये किलोने विकले जात असेल, तर ती रक्कम साडेनऊ हजारांच्या आसपास जाते. त्यात मुंडी, पाय, वजडी आणि कातडे यांची भर पडते, आणि गाडीभाडे, कापणावळ व व्यापाऱ्याचा नफा वजा होतो. धनगराच्या घरात वाढलेले पोरही हा हिशोब मनातल्या मनात करते, त्यामुळे टॉवेलाखाली जी ओढाताण चालते ती पाच-सातशे रुपयांची असते, निम्म्या किमतीची नसते. लोकरीला या हिशोबात जागा उरलेली नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि भरड असते, घोंगड्यांचा खप घटल्यापासून तिला गिऱ्हाईक मिळेनासे झाले आहे आणि कातरणीची मजुरीही तिच्यातून निघत नाही; ज्या जनावराची ओळखच लोकरीशी जोडलेली, त्याच्या किमतीत लोकर शून्य धरली जाते.

मेंढी-बोकडांचे भाव हलतात ते पंचांगाप्रमाणे, आणि तेही एका नव्हे तर दोन पंचांगांप्रमाणे. आषाढात, म्हणजे बोलीभाषेतल्या आखाडात, श्रावणापूर्वी मांसाहार उरकून घेण्याची घाई असल्यामुळे मागणी चढते. अमावास्या झाली की बाजार बसतो आणि श्रावणभर उठत नाही. बकरी ईद चांद्र वर्षाप्रमाणे दरसाल दहा ते बारा दिवसांनी अलीकडे सरकते: २०२३ साली ती २९ जूनला होती, २०२४ साली १७ जूनला आणि २०२५ साली ७ जूनला. कुर्बानीचे जनावर निर्व्यंग आणि ठरावीक वयाचे असावे लागते, म्हणून त्या आठवड्यांत किलोचा हिशोब बाजूला पडतो आणि दोन दात आलेल्या, शिंग न मोडलेल्या, न लंगडणाऱ्या नराला मांसाच्या कितीतरी वरची किंमत येते. ईद आणि आखाड जवळजवळ आले की मेंढपाळाला एकाच कळपातून दोनदा विकण्याची संधी मिळते; ती साधण्यासाठी कोणते नर राखायचे हे त्याने चार-सहा महिने आधीच ठरवलेले असते. माडग्याळी मेंढ्याची गोष्ट याहूनही निराळी आहे. जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून नाव पडलेल्या, पोपटाच्या चोचीसारखे वळलेले नाक असलेल्या या जातीच्या नराला पैदाशीसाठी आणि हौसेसाठी लाखांत मागणी होते; आटपाडी तालुक्यातील अशा एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याचे आणि मालकाने तो न दिल्याचे २०२० साली वर्तमानपत्रांतून गाजले. अशा आकड्यांनी बाजाराची जाहिरात होते. बाजाराचा भाव त्यातून कळत नाही.

बैलांच्या दावणीला गेले की हिशोबाची रीतच पालटते. प्रथम दात पाहिले जातात: दुधाचे दात असलेला तो अदांत, कायमचे दोन दात आलेला दुसा, चार आलेला चौसा, त्यानंतर सहादाती, आणि आठही दात आले की बैल जुळला असे म्हणतात. त्यापुढे वय सांगण्याला दातांचा आधार राहत नाही आणि किमतीची उतरण सुरू होते. खिलाराची पाठ, खूर, वशिंड, मागे वळलेली लांब शिंगे, अंगावरचे भोवरे, जोडीतल्या दोघांची उंची आणि रंग जुळतात की नाही, हे सारे नंतर येते. ऊस गाळपाचा हंगाम जवळ आला की साखर कारखान्यांना बैलगाडीने ऊस पुरवणारे तोडणीवाले जोड्या शोधत येतात, आणि शरद ऋतूत सशक्त, जुळलेल्या बैलांचा भाव त्यांच्यामुळे टिकून राहतो. नांगरटीसाठी बैल घेणारा शेतकरी ट्रॅक्टर आल्यापासून विरळ होत गेला आहे.

पूर्वी म्हाताऱ्या बैलालाही या बाजारात किंमत होती. १९७६च्या राज्य कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होती, परंतु बैल त्याबाहेर होते. विधिमंडळाने १९९५ साली संमत केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर मार्च २०१५मध्ये अंमलात आली, बैल व वळू बंदीखाली आले, आणि मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही कत्तलबंदी कायम ठेवली. बाजारातील परिणाम टप्प्याटप्प्याने दिसला नाही, तो एका हंगामातच दिसला. थकलेला बैल विकून आलेल्या पैशात थोडी भर घालून गोऱ्हा घ्यायचा, ही शेतकऱ्याची पिढ्यांची रीत होती, ती तुटली. तळभाव नाहीसा झाला की घसरण केवळ म्हाताऱ्या बैलापुरती राहत नाही, कारण चौसा बैल घेणारा माणूसही दहा वर्षांनी त्याचे काय येणार हे धरूनच बोटे दाबत असतो. म्हैस या कायद्याबाहेर राहिली, म्हणून आटलेल्या म्हशीला आजही काही ना काही भाव असतो. शेजारी बांधलेल्या भाकड, म्हणजे दूध आटलेल्या, संकरित गाईला अनेकदा कोणी हातही देत नाही. त्याच गाईची ताजी व्यालेली बहीण मात्र दिवसाला किती लिटर देते यावर मोठ्या रकमेला जाते. त्यासाठी काही विक्रेते आदल्या दिवसापासून धार न काढता कास तुंबवून आणतात आणि जाणते गिऱ्हाईक बाजारातच दोन वेळची धार पाहिल्याशिवाय इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, देत नाही.

बैलाच्या भावाचा वरचा थर मात्र याच काळात उंचावला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलगाडी शर्यतींवर घातलेली बंदी डिसेंबर २०२१मध्ये महाराष्ट्रापुरती उठली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून पळणाऱ्या खिलार खोंडाची किंमत शेतीच्या कोणत्याही हिशोबात बसत नाही. शंभरांतला एखादा खोंड तेथवर पोचतो. उरलेल्यांना पूर्वीचा आधार नसतो आणि नवा भावही नसतो.

प्रस्तुत लेखकाच्या घरची शेवटची जोडी सांगोल्याच्या बाजारात उभी राहिली तेव्हा तिच्यातला एक बैल सहादाती आणि दुसरा वयाने चांगलाच उतरलेला होता. दलालाने टॉवेलाखाली जी बोटे दाबली ती एकट्या सहादातीची होती. थोरल्याचे काय, असे घरच्या वडीलधाऱ्यांनी विचारल्यावर त्याने त्याला तसाच बरोबर नेण्याची तयारी दाखवली, तीही उपकार केल्याच्या स्वरात. सहादाती विकला गेला, थोरला गोठ्यात परतला, आणि आलेल्या पैशातून आटपाडीच्या बाजारात गोऱ्हा न घेता मेंढ्यांची छोटी खांड घेण्यात आली. त्या व्यवहारात दोन्हीकडचे आकडे एकमेकांपासून फार लांब नव्हते आणि सौदा चहा येण्याआधीच पटला.