शिट्टी

सोमवार ते शुक्रवार जावा आणि शनिवारी सकाळी बास्केटबॉल, असा सध्या आमचा कार्यक्रम आहे. इथे अमेरिकेत गावोगावच्या मुलांच्या लीग चालतात त्या पालकांच्या जिवावर. लेकीच्या टीमला कोच मिळेना, मी ईमेलला उत्तर दिलं आणि अडकलो. भांडवल काय, तर हॉस्टेलमागचं सिमेंटचं कोर्ट आणि नंतर टीव्हीवर पाहिलेलं एनबीए.

तर झालं असं. गेल्या महिन्यात एका मॅचचं शेवटचं मिनिट, आम्ही एका पॉइंटनं मागे. आमची एक चिमुरडी सगळ्यांना चुकवत थेट आत घुसली, बॉल बास्केटमध्ये गेला आणि ती समोरच्या मुलीवर आदळली. शिट्टी! चार्ज. बास्केट रद्द.

रेफरी म्हणजे सोळा वर्षांचा पोरगा. एवढ्या लहान मुलांच्या मॅचला बऱ्याचदा हायस्कूलचीच मुलं असतात. पण माझा पारा चढला. ती मुलगी बास्केटच्या अगदी खाली उभी होती, तिथे चार्ज होतच नाही! मी हात पसरून ओरडलो, "नियम वाचलेत का कधी?" झालं, मागच्या बाकांवरचे आईबापही सुरू झाले. जणू माझ्या परवानगीचीच वाट बघत होते. पोरगा लालबुंद झाला, पण "कोच, या लीगमध्ये तो नियम नाही" एवढंच म्हणाला. टेक्निकल फाउल देऊ शकला असता. नाही दिला.

हरलो. गाडीत लेक म्हणाली, "बाबा, तो माझ्या मैत्रिणीचा दादा आहे. तू त्याच्यावर का ओरडलास?" पुढे घरापर्यंत कुणी बोललं नाही.

रात्री नियम उघडले. बास्केटखालचा तो अर्धगोल एनबीएनं १९९७ मध्ये आणला, चार फुटांचा. कॉलेजात तो २०११ मध्ये आला. हायस्कूलच्या नियमांत तो नाहीच, आणि आमची लीग चालते हायस्कूलच्या नियमांवर. ती मुलगी आधीपासून जागेवर उभी होती, म्हणजे चार्जच. ऑफिसात कुणी माझ्या कोडमध्ये चूक काढली तर मी निदान आधी डॉक्युमेंटेशन बघतो हो!

पुढच्या शनिवारी लवकर गेलो. पोरगा बॉलमधली हवा बघत होता. म्हटलं, "तू बरोबर होतास, मी चुकलो. आणि बरोबर असतो तरी तसं ओरडायला नको होतं." तो जरा गडबडला. मग म्हणाला, "कोच, दुसऱ्या हाफमध्ये तुमच्या मुलीचा हात धरला होता. ती शिट्टी माझी राहिली. सॉरी."

त्या दिवशी मॅचआधी पालकांना सांगितलं, रेफरीशी बोलायचं ते मी बोलेन, आणि तेही हाफटाइमला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यानं आमच्याच मुलीला ट्रॅव्हल दिला. मला काही तो दिसला नव्हता. तोंड उघडलं, तेवढ्यात कोर्टवरून लेकीनं माझ्याकडे बघितलं.

मी पाण्याची बाटली तोंडाला लावली :)