कर्नाळ्याचा गवई

जुन्या तबकड्यांचा ज्यांना नाद आहे, त्या मंडळींची एक गंमत असते. गौहरजानची १९०२ सालची तबकडी असो, नाहीतर १९३६-३७ साली टेक्सासमध्ये रॉबर्ट जॉन्सन या कृष्णवर्णीय गवयाने गिटारीवर गायिलेली ‘ब्ल्यूज’ची गाणी असोत, खरखरीतून आवाज वर आला, की ही मंडळी डोळे मिटून घेतात. घरातली माणसे विचारतात, “अहो, एवढी खरखर सहन तरी कशी होते?” पण खरखर बाजूला सारून सूर तेवढा वेचावयाची कानाला एकदा सवय लागली, की तो कान कुठेही उपयोगी पडतो. कर्नाळ्याच्या रानात तर फारच!

तबकड्यांच्या नादाचा नि रानाचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध मोठा मौजेचा आहे. पाखराच्या गाण्याचे आज माहीत असलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण १८८९ सालचे. ते केले जर्मनीतल्या लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने, वडिलांनी दिलेल्या एडिसनच्या यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यावर. आणि गाणारा पक्षी कोण? आपल्याकडचा श्यामा! पुढे १९३६ साली हा कॉख नाझी राजवटीतून निसटून इंग्लंडात गेला, नि बी.बी.सी.वरून पाखरांची गाणी ऐकवून घरोघर माहीत झाला. ते जुने मुद्रण अजून टिकून आहे. मात्र तो श्यामा पिंजऱ्यातला होता.

त्याचेच भाऊबंद मोकळे गाताना ऐकावयाचे, तर फार लांब जावयास नको. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने बारा-तेरा किलोमीटर गेले, की अंगठ्यासारखा सुळका मिरवणारा कर्नाळा किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याच्या रानात १९६८ साली पक्षी अभयारण्य झाले. श्यामा इथल्या गच्च झुडपांत राहतो. अंग काळे कुळकुळीत, पोट तांबूस, कमरेवर पांढरा पट्टा आणि शेपूट अंगापेक्षा लांब. स्वभाव लाजाळू, दर्शन देईलच असे नाही. पण उन्हाळ्यात पहाटे नि तिन्हीसांजेला गळा मोकळा करतो, तेव्हा दुसऱ्या पाखरांच्या नकलाही मध्येच पेरतो. पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराची पाळी येते. एखादा उनाड पोरगा शाळा चुकवून शीळ घालीत चालला आहे, असेच वाटते!

इथे खरखर मात्र निराळी आहे. मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातूनच जातो. ट्रकांची घरघर नि हॉर्न पार झाडीत शिरतात. आपण कान टवकारून सूर वेचू. पाखराची गोष्ट तशी नाही. नराचे गाणे मादीला बोलावण्यासाठी नि आपली हद्द राखण्यासाठी असते. ते पोचलेच नाही तर सगळे व्यर्थ. हॉलंडमधल्या लायडन शहरात वल्गुलीच्या जातीच्या पाखरांचा अभ्यास झाला. गोंगाटाच्या भागातली पाखरे खालच्या पट्टीचे सूर टाळतात, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. रहदारीचा आवाज खालच्या पट्टीतला, त्यात ते सूर बुडतात. म्हणून इथून मोटार हाकताना हॉर्नवरचा हात काढलात, तर गवयावर उपकार होतील.

दुसरी खरखर आपण खिशातून नेतो. पक्षी पुढे यावा म्हणून काही हौशी लोक मोबाइलवर त्याचेच गाणे वाजवितात. बिचाऱ्याला वाटते, हद्दीत दुसरा नर घुसला! घरट्याचे, पिलांचे काम टाकून तो भांडावयास धावतो. १८८९ साली श्यामा पिंजऱ्यात होता. आज रानपाखरे धरणे, पाळणे कायद्याने गुन्हा आहे. मग मोकळ्या पाखराला तबकडीच्या तालावर का नाचवावे?

तबकडीची जागा घरात. दिवाळीच्या सुटीत श्यामा फारसा गात नाही. तेव्हा कर्नाळ्याला जाऊन थंडीचे पाहुणे पक्षी पाहावेत, आणि घरी मुलांना जवळ घेऊन श्यामाची मुद्रणे ऐकावीत. कान तयार झाला, की वैशाखात पहाटेच निघावे, मोबाइल बंद ठेवून एखाद्या दगडावर स्वस्थ बसावे. डबा मात्र सोबत असू द्या; गवई वेळेवर येईलच असे नाही.