घरबसल्या नोकरी

आमचा मेहुणा संगणकवाला. तो कचेरीत जात नाही, कचेरीच त्याच्याकडे येते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडल्या तेव्हा ती जी त्याच्या डोंबिवलीच्या बेडरूममध्ये शिरली, ती अजून आठवड्यातले चार दिवस तिथेच मुक्कामाला असते. "दाजी, माझे रोजचे तीन तास वाचतात!" हे तो मला ऐकवतो, तेही मी घामाने चिकटलेला सदरा अंगातून सोडवत असताना.

आम्हां बँकवाल्यांना ही चैन कुठली? रोख रकमेची खिडकी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडता येत नाही. (सौ. पहिली थप्पी तिथल्या तिथे जप्त करील, हा भाग निराळा.) जुलै २०२० मध्ये राष्ट्रीयीकृत बँकांच्या माणसांना 'अत्यावश्यक' म्हणून गाडीत घेऊ लागले. एरवी काउंटरवर मला कोणी आवश्यकसुद्धा समजत नाही!

पण मी पडलो वाणिज्य शाखेचा. तीन तास वाचले म्हटले, की ते जमा कुठे झाले हे आधी बघणार. मेहुण्याच्या खात्यात काही दिसेना. साहेब त्याला रात्री नऊलाही 'दोनच मिनिटं' म्हणून पकडतो आणि दहाला सोडतो. सोडतो म्हणजे काय, तो घरातच असतो! "साहेब, माझी ६.०८ ची फास्ट चुकेल," या एका वाक्यात नोकरदाराला केवढे संरक्षण होते, हे त्याला आता कळते आहे.

म्हणून गाडीची आरती ओवाळावी असेही नाही. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ४८ किलोमीटर. तिघांच्या बाकावर चौथे बसायचे, म्हणजे अर्धे अंग बाकावर नि अर्धे रामभरोसे. आणि हे बसणाऱ्याचे झाले. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसे चालत्या गाड्यांतून खाली पडली, काही घरी परतलीच नाहीत. त्या दिवशी मी पोचल्याचा फोन केला, तर सौ. नुसती "बरं" म्हणाली. पुढे बराच वेळ तिने फोन ठेवला नाही. त्या दिवशी मला मेहुण्याचा मनापासून हेवा वाटला.

तरी आमच्या ८.१२ च्या डब्यात एक गंमत आहे. भजनवाले टाळ कुटून डोके उठवतात, पण एखादा गडी दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दाराची बेल वाजते. मेहुणा मागे तापाने दोन दिवस पडून होता. त्याच्या कचेरीत नोंद काय, तर पडद्यावरचा त्याचा हिरवा ठिपका पिवळा झाला!

परवा तो हळूच म्हणाला, "दाजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुमच्या डब्यात पूजा असते ना? मी येऊ?"

म्हटले, "ये की. पण आधीच सांगतो, चौथी सीट मिळेल, आणि तीसुद्धा घाटकोपरनंतर."