उतारावर

आप्पा एसटीचे ड्रायव्हर, सांगलीहून रिटायर झाले. मी इंजिनियर. पुण्यात कोड लिहितो आणि रात्री झोप येईना की जुन्या विमानांबद्दल वाचत बसतो.

१९७२ साली जपान एअरलाइन्सचं एक डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि टोक ओलांडून पुढे गेलं. ते वाचताना या विमानाची वेगळीच गंमत कळली. थ्रस्ट रिव्हर्सर म्हणजे इंजिनाचा मागे जाणारा झोत अडवून पुढे वळवणारी यंत्रणा. ती एरवी चाकं टेकल्यावर वापरायची. पण डीसी-८ला हवेत वेग मारायला पंखांवर ब्रेक नव्हते. म्हणून चारपैकी आतली दोन इंजिनं उडतानाच रिव्हर्समध्ये टाकायची मुभा होती. वेग न वाढता विमान झपाट्याने खाली यायचं.

गेल्या पावसाळ्यात आई-आप्पांना कास दाखवून यवतेश्वरचा घाट उतरताना मी हेच रंगवून सांगत होतो. गाडी न्यूट्रलमध्ये, पेट्रोल वाचावं म्हणून. मध्येच जळका वास आला. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पाय खोल गेला आणि गाडी आवरेना.

आप्पा ओरडले नाहीत. "तिसऱ्यात घे. आता दुसऱ्यात." इंजिन गुरगुरलं, गाडी दबली. मागे आई एक शब्द बोलली नाही.

जागा बघून थांबलो. चाकं निवेपर्यंत आप्पा बाहेर उभे होते. म्हणाले, "तुझ्या त्या विमानवाल्यांना कळलं होतं की. उतारावर इंजिन सोडायचं नसतं."

नंतर वाचलं, आजच्या गाड्यांत गियरमध्ये असताना पाय उचलला की इंजिनाचं पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. म्हणजे मी वाचवत काहीच नव्हतो.

आप्पांना एक गोष्ट सांगायची राहिली होती. १९९१ साली थायलंडवर लाउडा एअरच्या बोईंग ७६७चा एका बाजूचा रिव्हर्सर हवेत आपोआप उघडला. २२३ माणसं गेली. त्यानंतर रिव्हर्सरला आणखी एक कुलूप बसवलं गेलं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. गियरवरच्या हाताला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत आप्पांनी गाडी चालवली. त्यांनी किल्ली मागितली नव्हती, मीच दिली.