हाडांचे झुंबर

चर्च म्हटले की मेणबत्त्या, घंटा आणि क्रूस डोळ्यांपुढे येतात. पण झेक प्रजासत्ताकात एक चर्च असे आहे, की तेथील झुंबर, तोरणे, चषक सारे माणसाच्या हाडांचे आहे. भाचा प्रागला नोकरीस असल्यामुळे ते पाहण्याचा योग आला.

प्रागहून आगगाडीने तासाभरात कुटना होरा हे गाव येते. एके काळी येथे चांदीच्या खाणी होत्या. स्टेशनपासून थोडे चालले की सेडलेक ही वस्ती लागते. दफनभूमीत एक लहानसे चर्च उभे आहे. "मामा, आत फोटो काढायचा नाही हं. २०२० पासून बंदी आहे," भाच्याने बजावले. काही पर्यटक कवट्यांना टोप्या आणि गॉगल घालून फोटो काढीत, म्हणून ही बंदी घालावी लागली.

पायऱ्या उतरून तळघरात गेलो. डोक्यावर कवट्यांच्या माळा, कोपऱ्यांत हजारो हाडांचे रचलेले मनोरे आणि मधोमध ते प्रसिद्ध झुंबर. माणसाच्या शरीरातले प्रत्येक प्रकारचे किमान एक हाड त्यात आहे, असे सांगतात.

एवढी हाडे आली कोठून? येथे सिस्टर्शियन पंथाचा मठ होता. १२७८ मध्ये तेथील मठाधिपती हेन्री याने जेरुसलेमहून, येशूला क्रूसावर दिले त्या जागेची मूठभर माती आणून या भूमीत टाकली, अशी कथा आहे. मग आपले दफन याच मातीत व्हावे, असे दूरदूरच्या लोकांना वाटू लागले. पुढे १३४८ च्या सुमारास प्लेगची साथ आली. धर्मसुधारक जान हुस याला १४१५ मध्ये जिवंत जाळल्यानंतर युद्धे पेटली, त्यांत आणखी माणसे मेली. जागा पुरेना, तेव्हा जुनी थडगी उकरून हाडे तळघरात आणून ठेवली. १५११ मध्ये एका अर्धवट आंधळ्या साधूने ती प्रथम रचली, असे म्हणतात. हा आकडा किमान चाळीस हजार माणसांचा सांगितला जातो.

पुढे ही मालमत्ता श्वार्झेनबर्ग या सरदार घराण्याकडे आली. १८७० मध्ये त्यांनी फ्रान्टिशेक रिंट नावाच्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराला बोलावले. त्याने हाडांतून आजची सजावट उभी केली. भिंतीवर त्या घराण्याचे भलेमोठे कुलचिन्ह आहे. त्यात एक कावळा तुर्क सैनिकाच्या मुंडक्याचा डोळा टोचतो आहे. घराण्यातील एका पूर्वजाने १५९८ मध्ये तुर्कांवर मिळवलेल्या विजयाची ती खूण. तीही हाडांचीच.

मी त्या कुलचिन्हापुढे बराच वेळ उभा राहिलो. मी कारकून माणूस. हजेरीपटात प्रत्येक हजेरीपुढे नाव लागते, नाहीतर पगार निघत नाही. येथे सरदाराचे नाव आहे. कारागिरानेही हाडांच्या अक्षरांत आपले नाव, गाव आणि साल भिंतीवर लावले आहे. चाळीस हजारांपैकी मात्र एकाचेही नाव नाही. खाणीत राबलेला मजूर, साथीत गेलेली आई, लढाईत पडलेला पोरगा, सारे त्यात असतील. पवित्र माती मिळेल या आशेने ती माणसे येथे आली, आणि त्यांच्या बरगड्या दुसऱ्याच्या घराण्याची शोभा झाल्या. मरणापुढे सारे समान, असे तेथे येणारा प्रत्येकजण म्हणतो. मला तेथेही वरचा-खालचा दिसला.

२०१४ मध्ये येथे मोठी दुरुस्ती सुरू झाली. मनोरे उतरवून, हाडे स्वच्छ करून, पुन्हा रचण्याचे काम हाती घेतले गेले. हे ऐकून बरे वाटले. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्या माणसांना जपून हात लावला.

निघताना भाच्याने विचारले, "मामा, कसे वाटले?" मी म्हणालो, "झुंबर सुंदर आहे रे. पण ते कोणाचे आहे, हे विसरू नकोस."