पिढीमागे एक

मागच्या शनिवारी ऑफिसात रिलीज होतं. बिल्ड चालू होतं आणि मी नेहमीसारखा नको ते वाचत बसलो होतो. त्यात एक किडा सापडला. (कोडमधला नव्हे, खराखुरा!)

नाव ऑस्मोडर्मा एरेमिटा. इंचभर, काळपट तपकिरी भुंगेरा. युरोपात जुन्या झाडांच्या ढोलीत जो भुसा साठतो त्यात हा वाढतो. कायद्यानं संरक्षित. फ्रान्समध्ये ल मां ते तूर (हो, शहराचं नाव तूर!) हा ए28 हायवे या पठ्ठ्यापायी काही वर्षं रखडला, 2005 मध्ये एकदाचा सुरू झाला. मला हसू आलं. मी तळेगावचा, म्हणजे श्यामजीपंत तळेगाव, नागपूर-अमरावती हायवेवरचं. आमचा रस्ता चौपदरी झाला तेव्हा कुणी किडे मोजल्याचं मला तरी आठवत नाही.

पण पुढे वाचलं आणि हसू गेलं. स्वीडनमध्ये मोजलं तर शंभरातले पंधराएक भुंगेरेच जन्माचं झाड सोडतात, बाकीचे तिथेच जन्मून तिथेच मरतात. पोलंडमध्ये रस्त्याकडेच्या झाडांतून याच्या सख्ख्या भावंडाचा, म्हणजे जवळच्या जातीचा, डीएनए तपासला. जवळच्या झाडांतले एकमेकांच्या नात्यातले निघाले, आणि अंतर वाढलं की नातं तुटत गेलं. मधलं झाड पाडलं की पलीकडचे एकटे पडतात. मग आपसातच लग्नं, आणि पुढची पिढी कमजोर. जनुकशास्त्रात यावर एक ढोबळ हिशेब आहे: पिढीमागे एखादा पाहुणा बाहेरून आला आणि त्याची पिल्लं वाढली, तरी बरंच निभावतं.

पिढीमागे एक! एवढंच? म्हटलं स्वस्तात काम आहे.

मग आमच्याकडचे पाहुणे आठवले. 2017 मध्ये ब्रह्मपुरीत पकडलेली एक वाघीण कॉलर लावून बोर अभयारण्यात सोडली होती. ती तिथे थांबली नाही. माणसं मारल्याचा आरोप होता, गोळी घालायचा हुकूमही निघाला होता. ऑक्टोबरमध्ये कारंजा तालुक्यात सिंदीविहिरीला शेताच्या तारेतल्या करंटनं ती गेली. आमच्या घरापासून फार लांब नाही. त्याच डिसेंबरात बोरचा बाजीराव आमच्याच हायवेवर, बाजारगावजवळ गाडीखाली आला. बंगलोरच्या एनसीबीएसमध्ये उमा रामकृष्णन यांचा गट वाघांच्या विष्ठेतल्या डीएनएवरून हेच शोधतो, कुठले वाघ कुठल्यांच्या नात्यात आहेत. 2018 चा त्यांचा निष्कर्ष: वस्ती आणि वर्दळीचे रस्ते हेच मोठे अडथळे. म्हणजे भुंगेऱ्याचीच गोष्ट, फक्त झाडाच्या जागी जंगल.

आता खरं सांगतो. आमच्या काकांच्या शेतातही तशी तार होती. रानडुकरांसाठी. बारावीच्या सुट्टीत ती मोटारीच्या डब्यातून मीच जोडून दिली होती, आणि घरात फार कौतुक झालं होतं. "पोरगा इंजिनेर होते!" सिंदीविहिरीची बातमी आली तेव्हा मी खरंच इंजिनीअरिंगला होतो. वाचली, शेअर केली, शेतकऱ्यांच्या नावानं चार ओळी लिहिल्या. घरच्या तारेबद्दल चकार शब्द नाही.

या दिवाळीला गेलो तेव्हा तार काढा म्हटलं. काका शांतपणे म्हणाले, "तूच तं जोडून देल्ली होती नं बाबू. आता तूर डुकरानं खाल्ली तं थो डीएनएवाला भरून देईन काय?"

उत्तर नव्हतं. शेवटी झटका मशीन घ्यायचं ठरलं, पैसे माझे. त्यात बॅटरीवर थांबून थांबून क्षणभर झटका बसतो, जनावर मरत नाही. जुनी तार मीच सोडवली. डब्यातलं कनेक्शन अजून माझ्याच इन्सुलेशन टेपनं बांधलेलं होतं.

काल फोन आला. नाल्याकडून डुकरं शिरली, तुरीचे चार तास गेले. "जुनी तार कुठी ठेवली बे?" काकांनी विचारलं.

मी भंगारात दिली म्हणून सांगितलं. ती माझ्या जुन्या खोलीत, पलंगाखाली आहे.